फॉरमॅटवाद्यांचा समाचार

संगणक चालतो आहे तोवर त्याला हात लावू नये, आणि चालेनासा झाला की फॉरमॅट मारून मोकळे व्हावे, हे दोन कलमी शास्त्र जळगावच्या गोलाणी मार्केटातील गाळ्यांपासून धुळ्याच्या आग्रा रोडवरील दुकानांपर्यंत, आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपासून वकिलांच्या कचेऱ्यांपर्यंत, इतक्या निर्वेधपणे नांदत आहे की त्याच्याविरुद्ध कोणी बोलावे हाच आता औचित्यभंग ठरू पाहतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, जुन्या यंत्रांना विंडोज ११ च्या अटी पुऱ्या करता येईनात, आणि त्यामुळे ज्यांनी लिनक्सचे नावही कधी घेतले नव्हते अशा कित्येकांनी आपल्या डेस्कटॉपवर उबंटू किंवा तिचे एखादे भावंड बसवून घेतले. तेव्हा या शास्त्राला तिसरे कलमही चिकटले. ते असे की, लिनक्समध्ये पॅकेजांची भानगड असते, एक अपडेट घेतले की दहा वस्तू मोडतात, सबब अपडेट बंदच ठेवावे. हे मत चहाच्या टपरीवर बोलले जाते तोवर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण आता ते शिक्षकांच्या बैठकांत आणि कार्यालयांच्या खरेदी-टिपणांत सिद्धान्ताच्या थाटात वावरू लागले आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

प्रथम वादाचा विषय नीट मांडून घेऊ, कारण प्रतिपक्षाचे अर्धे बळ तो धूसर ठेवण्यातच आहे. डेबियन आणि तिच्यावरून घडलेली उबंटू यांच्यात प्रत्येक प्रोग्राम पॅकेजच्या रूपाने येतो, आणि आपल्याला चालण्यासाठी दुसरी कोणती पॅकेजे, कोणत्या आवृत्तीपासून पुढची लागतात, आणि कोणाशी आपले मुळीच जमत नाही, हे ते पॅकेज स्वतःबरोबर लिहून आणते. डेबियन १९९३ साली सुरू झाली. पॅकेज उलगडून जागच्या जागी बसविणारा 'डीपीकेजी' तिच्या आरंभकाळातला, तर लागणारी बाकीची पॅकेजे आपणहून शोधून आणणारा 'ॲप्ट' १९९९ च्या २.१ या आवृत्तीबरोबर लोकांच्या हाती आला. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीत अशी पॅकेजे ६४ हजारांहून अधिक आहेत. एवढ्या गोतावळ्यात तुम्ही 'मला अमुक हवे' म्हणताच सर्वांच्या अटी एकाच वेळी पाळणारा संच काढून देणे हे काम दिसते तितके सोपे नाही. सर्वसाधारण रूपात ते संगणकशास्त्रातील अत्यंत बिकट अशा एनपी-कम्प्लीट वर्गात मोडते, हे युरोपातील संशोधकांनी २००६ च्या सुमारास दाखवून दिले आहे. असे असूनही ते रोज लक्षावधी यंत्रांवर काही क्षणांत उरकते. कधीतरी ते उरकत नाही, कारण दिलेल्या भांडारांतून सर्वांना मानवेल असा संच निघतच नाही, आणि मग ॲप्ट तसे स्पष्ट सांगून हात आखडतो. एवढ्यालाच आपल्याकडे 'लिनक्स मोडली' असे म्हणतात. वस्तुतः हा नकार पडद्यावर उमटतो तेव्हा डिस्कवरील एकही फाइल जागची हललेली नसते.

उदाहरण हाताशी असलेलेच घेऊ. वकिलांच्या आणि सनदी लेखापालांच्या टेबलावर डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन हल्ली असतोच, आणि त्याला चालविणारे सॉफ्टवेअर उबंटूच्या भांडारातून न येता विक्रेत्याकडून सुट्या फाइलीच्या रूपाने येते. समजा, अशी एक फाइल उबंटूच्या २०.०४ या आवृत्तीवर वर्षानुवर्षे सुखाने चालली. पुढे नवा संगणक आला, त्यावर २२.०४ बसली, तीच जुनी फाइल तिथे बसवायला गेले, आणि दोन ओळी उमटल्या: अवलंबने पुरी होत नाहीत, मजकूर पॅकेजला 'लिब-एसएसएल १.१' हवे आहे, पण ते बसविण्याजोगे नाही. या दोन ओळींत सगळी फिर्याद आली आहे. ओपन-एसएसएल ही संदेश सांकेतिक करणारी लायब्ररी, २२.०४ ने तिची १.१ ही शाखा सोडून ३.० स्वीकारली, आणि विक्रेत्याने मात्र आपली फाइल जुन्या शाखेवरच बांधून ठेवली. 'ॲप्ट पॉलिसी' हा हुकूम पॅकेजच्या नावासह दिला की कोणती आवृत्ती बसली आहे, कोणती बसू शकते आणि ती कोणत्या भांडारातून येणार हे यंत्र सांगते; इथे कोणतेच भांडार पुढे येत नाही, म्हणजे तंटा कुठे आहे हे निश्चित झाले.

आता इलाज. विक्रेत्याकडे नव्या शाखेवर बांधलेली फाइल मागावी, हा पहिला आणि बहुधा पुरेसा. ती नसेल तर तेवढ्या कामापुरते वेगळे यंत्र किंवा आभासी यंत्र ठेवावे. पण लोकप्रिय आहे तो तिसराच मार्ग: २०.०४ च्या भांडारातून ती जुनी लायब्ररी हाताने उतरवून बसवावी. त्याने काम चालते, आणि त्यातच धोका आहे, कारण २२.०४ च्या कोणत्याही भांडारात ती नसल्यामुळे पुढे तिच्यात सापडलेल्या दोषाची दुरुस्ती त्या यंत्रापर्यंत कधीच पोहोचत नाही, आणि मूळ कर्त्यांनी तर १.१.१ या शाखेचा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजीच थांबविला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने ज्या स्वाक्षरीला हातच्या सहीची बरोबरी दिली, तिची राखण अशा बेवारस लायब्ररीकडे सोपवावी यासारखा विनोद दुसरा नाही. ॲप्टने जो नकार दिला होता, तो नेमका यासाठी होता.

हेच यंत्र दुकानात गेले म्हणजे काय होते? संदेश कोणी वाचत नाही. डिस्क पुसली जाते, जुनीच २०.०४ परत बसते, फाइल चालते, आणि काही शे रुपये घेऊन यंत्र 'ओके' करून दिले जाते. त्या आवृत्तीचा पाच वर्षांचा नियत आधार २०२५ च्या मे महिन्यातच संपला होता, हे सांगणारा तिथे कोणी नसतो. कारण जिथल्या तिथे राहिले आणि पुरावा मात्र नष्ट झाला. '/व्हार/लॉग/ॲप्ट' या फोल्डरात 'हिस्टरी.लॉग' नावाची साधी मजकुराची फाइल असते. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणता हुकूम देऊन, कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले, याची ओळ न ओळ तिच्यात असते. 'परवापर्यंत चालत होते' असे गिऱ्हाईक म्हणते, तेव्हा परवा काय घडले हे तिच्यात लिहिलेले असते. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढताना अस्सल कागदावाचून एक पाऊल पुढे टाकायचे नाही असा ज्यांचा खाक्या होता, त्या वि. का. राजवाड्यांनी १९२६ च्या अखेरीस धुळ्यात देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचे दप्तर त्याच गावात जतन करून आहे. त्या गावात तरी अस्सल नोंद न वाचता पुसून टाकण्याच्या धंद्याला प्रतिष्ठा मिळू नये.

प्रतिपक्ष यावर म्हणेल की, हे सर्व नीट चाललेल्या यंत्रांचे झाले. आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात अपडेट चालू असतानाच वीज जाते, बहुतेक डेस्कटॉपना यूपीएस नाही, आणि मग यंत्र अर्धवट अवस्थेत उठते, त्याचे काय? हा आक्षेप खानदेशातला आहे, खरा आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. डीपीकेजी प्रत्येक पॅकेजची अवस्था एका नोंदवहीत लिहीत जातो: उलगडले, पण जुळणी व्हायची आहे, जुळणी अर्धवट राहिली, बसले. तलाठ्याच्या दप्तराशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. खरेदीखत झाले की गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदला जातो, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला की सातबाऱ्यावर अंमल येतो. मधल्या काळात तलाठ्याची बदली झाली, दिवे गेले वा कचेरी बंद राहिली, तरी नोंद कोणत्या पायरीवर आहे हे वहीत असल्यामुळे पुढचा मनुष्य तिथूनच काम उचलतो. वीज आल्यावर यंत्र स्वतःच सांगते की डीपीकेजीचे काम मध्येच तुटले, अमुक हुकूम द्या; तो हुकूम, 'डीपीकेजी, सर्व अर्धवट जुळण्या पुऱ्या कर' एवढ्याच अर्थाचा, दिला की बहुतेक वेळा काम पुढे सुरू होते. एक फेरफार प्रलंबित आहे म्हणून अख्ख्या चावडीचे दप्तर जाळावे, असा सल्ला देणाऱ्याला गावकऱ्यांनी काय म्हटले असते ते सांगायला नको. संगणकाच्या बाबतीत मात्र त्यालाच आपण 'एक्स्पर्ट' म्हणतो.

अशीच गत कुलुपाच्या संदेशाची. सकाळी यंत्र सुरू करताच सुरक्षा-अपडेटे पाठीमागे आपोआप बसू लागतात; त्याच वेळी कोणी दुसरे काही बसवू गेला की 'कुलूप मिळत नाही' असा मजकूर येतो. पाच-दहा मिनिटे थांबावे, इतकाच त्याचा इलाज. पण कुलपाची फाइलच उडवून द्यावी हा सल्ला तोंडातोंडी पसरला आहे, आणि एकाच नोंदवहीत दोघांनी एकाच वेळी लिहिले म्हणजे जे व्हायचे ते होते. 'अमुक पॅकेजे मागे ठेवली' या ओळीलाही लोक आजार समजतात. उबंटू काही अपडेटे एकदम सर्वांना न देता टप्प्याटप्प्याने सोडते, म्हणजे दोष निघालाच तर थोडक्यांत कळावा. आपली पाळी आली नाही एवढाच त्या ओळीचा बहुधा अर्थ. तिथे जबरदस्ती करणाऱ्याने आपल्या हाताने रांग मोडली, आणि पुढे काही बिघडले तर तक्रार कोणाकडे करायची?

आता तिसऱ्या कलमाकडे वळू, म्हणजे अपडेट बंदच ठेवण्याच्या उपदेशाकडे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरच्या विंडोज यंत्रांना वेठीस धरले. ज्या छिद्रातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच देऊन ठेवली होती. सुमारे दोन महिने 'चालतंय ना, मग राहू द्या' म्हणणारे त्यात सापडले. यावर प्रतिपक्षाजवळ एक प्रबळ उत्तर आहे, आणि तो ते सहसा देत नाही म्हणून मीच देतो. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आला, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले, आणि तो पसरला होता युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! म्हणजे अपडेट हेच विषाचे वाहन ठरू शकते. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच अपडेट कोणाच्या हातून येते हा प्रश्न मी अपडेट घ्यावे की नाही या प्रश्नाहून मोठा मानतो. २९ मार्च २०२४ रोजी आन्द्रेस फ्रॉइन्ट या अभियंत्याने एक्सझेड या संक्षेपण-लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आणला. दूरस्थ लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का लागतो, एवढ्याशा कुतूहलातून त्याचा शोध सुरू झाला होता. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोहोचल्या होत्या. स्थिर शाखेत त्यांचा शिरकाव झाला नव्हता. जुनी म्हणून हिणवली जाणारी पॅकेजे सावकाश, तपासून पुढे सरकविण्याची जी रीत, तिनेच इथे सामान्य वापरकर्त्याला वाचविले. मग धोका कुणाला? कुठल्याशा व्हिडिओत पाहून चार परकी भांडारे आपल्या यादीत जोडून घेणाऱ्याला. तंटे बहुधा तिथूनच उद्भवतात, आणि यादीतून ते भांडार काढून त्याची पॅकेजे मूळ आवृत्तीवर आणली की बहुधा मिटतात.

कोणी असेही म्हणतात की, अवलंबन हीच मूळ खोड आहे. प्रत्येक प्रोग्रामने आपला संसार आपल्याबरोबर आणावा. स्नॅप आणि फ्लॅटपॅक हे त्याच दिशेचे प्रयत्न आहेत आणि काही कामांना ते उत्तम आहेत. पण २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपन-एसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला तेव्हा जिथे लायब्ररी सामाईक होती तिथे एक पॅकेज बदलून आणि चालू सेवा नव्याने सुरू करून भागले. जिथे प्रत्येकाने आपली प्रत पोटात बाळगली होती तिथे प्रत्येक विक्रेत्याच्या दारी जावे लागले.

प्रतिपक्षाचे आवडते हत्यार म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरमधील एक चलचित्र. त्यात लिनस सेबॅस्टियन हा विख्यात कॅनेडियन समीक्षक पॉप ओएस या लिनक्स-प्रणालीवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवू जातो आणि क्षणार्धात त्याचा संपूर्ण डेस्कटॉपच नाहीसा होतो. घडले ते असे: एका पॅकेजची ३२-बिटी प्रत भांडारात प्रसिद्ध झालेली नव्हती, स्टीमला ती हवी होती, आणि ॲप्टला ती अट पाळण्याचा एकच मार्ग दिसला, तो डेस्कटॉप काढून टाकण्याचा. भांडार चालविणाऱ्यांची ती चूक निर्विवाद होती. परंतु तत्पूर्वी ॲप्टने काय काय निघून जाणार याची यादी छापली होती, हे अपायकारक आहे असे बजावले होते, आणि 'होय, मी म्हणतो तसे कर' हे वाक्य अक्षरशः टंकलिखित केल्यावाचून पुढे जाण्यास नकार दिला होता. त्याने ते टंकलिखित केले. पुढे ॲप्टच्या कर्त्यांनी ती पळवाट बुजविली, हे योग्यच झाले. पण या प्रकरणातून 'यंत्र न सांगता मोडते' असा निष्कर्ष काढणाऱ्याने ते चलचित्र डोळे मिटून पाहिले असले पाहिजे.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांची कहाणी याहून साधी. अभ्यासक्रमाला पायथनची नवी आवृत्ती लागते म्हणून विद्यार्थी प्रणालीच्या मूळ पायथनचा दुवाच बदलतात, आणि दुसऱ्या दिवशी टर्मिनल उघडत नाही; उघडणार कसे, उबंटूतील टर्मिनल सुरू करणारी फाइल आणि ॲप्टची काही अंगे त्याच पायथनवर उभी आहेत. दुवा पूर्ववत केला की टर्मिनल परत येते, आणि नव्या पायथनसाठी स्वतंत्र आभासी वातावरण करता येते. २३.०४ पासून तर प्रणालीच्या पायथनमध्ये 'पिप' या पायथनच्याच साधनाने काही बसविण्यास उबंटू स्वतःच हरकत घेते. त्या हरकतीलाही मोडता घालणारा हुकूम विद्यार्थी पाठ करून ठेवतात, हे आमच्या अध्यापनाचे यश!

राहता राहिला भाषेचा आक्षेप: संदेश इंग्रजीत येतात, सामान्य माणसाने ते का वाचावेत? हा आक्षेप मला सर्वांत मानवतो. तरीही ॲप्टच्या मूळ संचात त्याच्या संदेशांचा मराठी अनुवाद आहे, अपुरा का असेना; आणि मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठी आवाजात उपलब्ध केले आहेत. शिवाय कार्यालयीन माणसाला लिनक्स झेपत नाही असे म्हणणाऱ्याने जिल्हा न्यायालयाची पायरी चढून पाहावी. ई-न्यायालये प्रकल्पाखाली सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा न्यायालयांच्या संगणकांसाठी उबंटूची निवड केली, खटल्यांच्या नोंदीची सीआयएस ही प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात घडली, आणि शिरस्तेदारापासून लघुलेखकापर्यंत सर्वजण त्यावर काम करतात.

फॉरमॅटला जागाच नाही असे माझे म्हणणे नाही. डिस्क स्वतःच मरणपंथाला लागली असेल, किंवा १६.०४ वर झोपी गेलेले यंत्र एका उडीत २४.०४ वर न्यायचे असेल, तर घरातील फाइली बाहेर काढून नव्याने मांडामांड करणे शहाणपणाचे. पण तो निर्णय निदानानंतरचा असावा, निदानाऐवजी नव्हे. आणि आज आपल्या बाजारात दहापैकी किती फॉरमॅट निदानानंतर होतात हे दुकानदारांनीच मनाशी विचारावे.

वाचकांस माझी विनंती इतकीच. यापुढे यंत्र दुरुस्तीला न्याल तेव्हा प्रथम त्या संदेशाचे मोबाइलवर छायाचित्र घ्या, 'हिस्टरी.लॉग'ची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा, आणि फॉरमॅटचे पैसे मोजण्याआधी तंटा कोणत्या पॅकेजचा कोणाशी होता, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या. ज्याला ते लिहिता येणार नाही, त्याला पैसे देऊ नका.